परत आलेली साडी उघडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्रीचे नऊ रंग सरले की ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांच्या दारात परतीची पार्सलं येऊन पडू लागतात. कारणाच्या रकान्यात बहुतेकदा एकच वाक्य असतं, ‘रंग फोटोपेक्षा वेगळा आहे.’ काहींचा रंग खरोखरच वेगळा असतो. काही साड्या मात्र त्या-त्या रंगाच्या दिवशी ऑफिसच्या ग्रुप फोटोत मिरवून आलेल्या असतात. ऑनलाइन खरेदीत ग्राहक कसा नाडला जातो यावर वृत्तपत्रांत नेहमी लिहिलं जातं, आणि ते लिहायलाच हवं. पण येवला, इचलकरंजी, सोलापूरपासून डोंबिवलीच्या वन रूम किचनपर्यंत घरातून कपडे विकणाऱ्यांनी संशयास्पद परतीला तोंड कसं द्यायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बिलावर किंवा इन्स्टाग्रामच्या पानावर ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ लिहिलं की आपण सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष किंवा बनावट निघाला, वर्णनाप्रमाणे नसला किंवा कबूल केलेल्या वेळेत पोहोचला नाही, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. बिलावर मुदतच लिहिलेली नसेल, तर सदोष मालासाठी ३० दिवस धरले जातात, असं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो. कपाटातली एखादी जुनी साडी विकून टाकणारीची गोष्ट वेगळी; नियमित माल काढणारी ‘मी फक्त व्हॉट्सॲपवर विकते’ म्हणून यातून सुटत नाही. त्यातून ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्कही पडत नाही. म्हणजे दोन हजारांच्या साडीपायी येवल्याच्या विक्रेत्याला नागपूरची तारीख लागू शकते. ‘मन बदललं’, ‘घरच्यांना आवडली नाही’ या कारणांसाठी मात्र कायदा परत घ्यायला लावत नाही; तिथे आपण लिहिलेली अट किंवा पोर्टलचं धोरण चालतं. संशयास्पद परती बहुतेक याच फटीतून येतात. न आवडलेली किंवा नेसून झालेली वस्तू ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या रकान्यात बसवली जाते.

ही फट लिस्टिंगमध्येच, म्हणजे विक्रीसाठी टाकलेल्या फोटोत आणि माहितीतच, बुजवावी लागते. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढावा आणि त्याला फिल्टर लावू नये. पिवळ्या बल्बखाली राखाडी साडी तपकिरी दिसते आणि मोरपिशी हिरवी. त्यामुळे एक फोटो उन्हातला आणि एक घरातल्या दिव्याखालचा दिला की रंगाच्या निम्म्या तक्रारी आधीच विरतात. साडीची लांबी लिहिताना ‘ब्लाउजपीससह ६.३० मीटर, त्यात ब्लाउजपीस ८० सेंटिमीटर’ असं फोडून लिहावं. कुर्तीला नुसतं ‘एम’ किंवा ‘३८’ लिहिणं म्हणजे वादाला आमंत्रण. ३८ हे अंगाचं माप की कपड्याचं? कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजावा, दुप्पट करावा आणि ‘कपड्याचं माप ४० इंच, ३७-३८ छातीला बसेल’ असं लिहावं. धुतल्यावर सुती कपडा आटणार असेल तर तेही लिहावं. हातमागाच्या कापडात गाठ, एखादा सुटा धागा, काठाच्या नक्षीत किंचित फरक असतोच. हे आधी लिहिलं तर तो विणकरीचा गुण ठरतो. नंतर सांगितलं तर सबब वाटते.

माल पाठवताना एकच सलग व्हिडिओ काढावा, मध्ये कुठेही न कापता. रिकामं टेबल, उघडलेली साडी, दोन्ही काठ, पदर, ब्लाउजपीसचं टोक, टॅगवरचा क्रमांक, घडी, पिशवी, वजनकाट्यावरचा आकडा आणि शेवटी पार्सलवर चिकटवलेला कुरिअरचा क्रमांक. दोन मिनिटं पुरतात. मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवर फिरवलेली प्रत आकसते आणि तिच्यातली तारीख-वेळेची नोंद पुसली जाते. प्रकरण पुढे गेलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, आणि ते मूळ फाइल हाताशी असली की सोपं जातं. टॅग अशा जागी हवा की तो न काढता कपडा घालता येणार नाही. कुर्तीला गळ्याच्या आत नको, पुढे दिसेल असा लावावा. रेशमी साडीत प्लॅस्टिकचा काटा घुसवला तर भोक आपणच पाडतो. तिथे पदराच्या गोंड्यातून दोरा ओवून टॅग बांधावा. ‘टॅग निघाला असल्यास परत घेतली जाणार नाही, दोष असल्यास अपवाद’ हे वाक्य लिस्टिंगमध्ये, बिलावर आणि टॅगवरही असावं. सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाची खूण असलेलं, लेबल असेल तर त्यावरचा क्रमांक बिलात उतरवून ठेवावा. साडी बदलून दुसरीच पाठवली गेली, तर तो एक आकडा अख्ख्या वादापेक्षा जास्त बोलतो.

परतीची मागणी आली की पहिला निरोप रागाच्या भरात लिहायचा नाही. ‘तुम्ही नेसून परत करताय’ हे वाक्य मनात आलं तरी टाइप करू नये. पुढे त्याचाच स्क्रीनशॉट आपल्याविरुद्ध निघतो. साधारण असं लिहावं: ‘नमस्कार ताई, तुमची अडचण समजली. कृपया दिवसाच्या उजेडात तीन फोटो पाठवा: पूर्ण साडी, दोष असेल ती जागा जवळून, आणि टॅगचा क्रमांक. फोटो मिळाल्यावर २४ तासांत कळवतो.’ खरी तक्रार असलेली बाई दहा मिनिटांत फोटो पाठवते. दुसऱ्या जातीची तक्रार इथे बऱ्याचदा गळते, नाहीतर वळण घेते: ‘राहू दे, ठेवून घेते, पण तीनशे रुपये परत करा.’ वस्तू परत न येता पैसे देण्याची सवय लावू नये. दोष खरा आणि किरकोळ असेल, फोटोत स्पष्ट दिसत असेल, तरच अपवाद करावा आणि तो लेखी करावा.

पार्सल परत आलं की उघडण्याआधी वजन करायचं, पुन्हा कॅमेरा चालू ठेवून, सहाही बाजू दाखवून. इथे थोडं गणित कामाला येतं. साडी ५०० ग्रॅमची आणि ६.३० मीटरची असेल, तर ८० सेंटिमीटरचं ब्लाउजपीस साधारण ६० ग्रॅमचं भरतं. पार्सल ५५-६० ग्रॅमनी हलकं आलं तर ब्लाउजपीस कापून शिंप्याकडे गेलेलं असण्याची शक्यता दाट. उलट १०-१५ ग्रॅमच्या फरकावरून कुणावर आळ घेऊ नये. सुती आणि रेशमी कापड हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे पावसाळ्यात कोकणातून आलेलं पार्सल तेवढं जड भरतंच.

मग साडी पसरून खालच्या काठापासून सुरुवात करावी. नेसलेल्या साडीचा खालचा काठ जमिनीला घासतो आणि तिथे करड्या धुळीची बारीक रेघ बसते. झटकली तरी विणीत उरते. त्याच काठाला आतून अडीच-पावणेतीन मीटरपर्यंत सुईच्या भोकांची सरळ ओळ दिसली तर फॉल लावून उसवला आहे. खांद्यावरच्या भागात सेफ्टी पिनची भोकं शोधायला कापड उजेडासमोर धरावं. ऑर्गन्झा आणि टिश्यू या पातळ कापडांत ती हमखास सापडतात. कमरेच्या पट्ट्यात निऱ्यांच्या चुरगळलेल्या उभ्या घड्या असतात, आणि वाफेची इस्त्री फिरवली असली तरी कारखान्याची धारदार घडी परत येत नाही. कुर्तीत काखेतला डिओचा पांढरट थर, गळ्याला मेकअप. सलवारीत गुडघ्यामागच्या सुरकुत्या. काही जण अतिनील टॉर्च घेऊन बसतात. डिटर्जंटमधली चकाकी देणारी द्रव्यं तिच्याखाली निळसर उजळतात हे खरं, पण गिरणीतून आलेलं कोरं पांढरं कापडही तसंच उजळतं. तेव्हा तिच्यावर निकाल लावू नये.

कॅश ऑन डिलिव्हरी नाकारून परत फिरलेलं पार्सल, म्हणजे धंद्यातलं ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन), आणि ग्राहकाने उघडून परत पाठवलेलं पार्सल वेगवेगळं ठेवावं. पहिल्यात सील शाबूत हवं. ते तुटलेलं असेल तर वाद ग्राहकाशी नसून कुरिअरशी असतो, आणि डिलिव्हरीच्या नोंदीवर ‘सील तुटलेले’ असा शेरा मारल्याशिवाय सही करू नये. पोर्टलवर दावा लावायची मुदत मोजक्या दिवसांची असते. ती पोर्टलवरच्या आपल्या पॅनेलवर, म्हणजे विक्रेत्याच्या खात्याच्या पानावर, आधीच पाहून ठेवावी आणि पार्सल आलं त्याच दिवशी व्हिडिओ चढवावा. सवडीने म्हणून बाजूला ठेवलेल्या पार्सलांचेच दावे बुडतात.

पैसे परत करताना ज्या खात्यातून आले त्याच खात्यात द्यावेत. ‘माझ्या दिरांच्या नंबरवर टाका’ म्हटलं की थांबावं. ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ असं कुणी म्हणालं तर आलेला स्क्रीनशॉट बाजूला ठेवून बँकेचं ॲप उघडावं. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे आणि तरी दिवाळीच्या गर्दीत विसरलं जातं. कार्डाने पैसे भरून वस्तू मिळाल्यावर बँकेकडे उलट तक्रार केली गेली, तर पेमेंट गेटवे, म्हणजे कार्डाचे पैसे आपल्यापर्यंत पोहोचवणारी मधली कंपनी, बिल, पोहोच, चॅट आणि परतीची अट मागते. चारही एका फोल्डरमध्ये असतील तर उत्तर त्याच दिवशी जातं.

अलीकडे विक्रेत्यांच्या ग्रुपवर ‘फ्रॉड कस्टमर’ म्हणून बायकांची नावं, मोबाइल नंबर, पत्ते फिरवले जातात. राग समजतो, पण हा प्रकार बंद व्हावा. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, आणि त्या यादीतली एखादी ताई खरोखर निकृष्ट माल मिळालेली असू शकते. कुणाला पुन्हा माल द्यायचा नाही, याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवली की पुरे.

मोठ्या पोर्टलकडून मागणं दोनच गोष्टींचं आहे. परतीचा माल उचलताना कुरिअरने केलेलं वजन विक्रेत्याला पॅनेलवर दिसावं, आणि ग्राहकाने तक्रारीसोबत दिलेले फोटो रिफंड मंजूर होण्याआधी विक्रेत्यालाही दाखवावेत.

आपला,
कपड्यांच्या ऑनलाइन विक्रीतला एक वाचक, कोल्हापूर