बदकाची पिल्लं कशाने मेली, एवढं तरी कळू द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

उजनीच्या काठाला, माढा तालुक्यात आम्ही मोजके लोक बदकं पाळतो. कोंबडीवाल्यांपुढे आमची गणतीच नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

आठ-दहा दिवसांचं पिल्लू सकाळी दाणे टिपत असतं. दुपारी आडवं पडतं, पाय झाडतं, मान पाठीकडे ताणतं आणि तासाभरात संपतं. गाव म्हणतं, मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. मग त्यावरची कोंबड्यांची लासोटा लस घाला, पाण्यात अँटिबायोटिक टाका. पिल्लं मरायची ती मरतातच, वर औषधाचं बिल.

पोट फाडलं की लिव्हर सुजलेलं, पिवळट, वर रक्ताचे ठिपके. हा बदकांचा विषाणूजन्य यकृतदाह असू शकतो. तो सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना गाठतो. अगदी लहान पिल्लांत मरतूक ९५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि मोठी बदकं त्याच पाण्यात खुशाल पोहत असतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण बुरशीच्या मक्यातलं, शेंगदाणा पेंडीतलं अफलाटॉक्सिन हे विषही पिल्लाचं लिव्हरच धरतं, मानही तशीच ताणते. बुरशी असेल तर खाद्य फेकायचं. विषाणू असेल तर नवी पिल्लं पहिले चार-पाच आठवडे मोठ्या बदकांपासून लांब ठेवायची, उंदीर आवरायचे, ओला तूस काढायचा, कारण गार-ओल्या विष्ठेत हा विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो. अंड्यावरच्या माद्यांना लस दिली तर बलकातून पिल्लांना संरक्षण मिळतं. पण लस कशावर द्यायची, ते आधी ठरायला हवं ना! नुसत्या नजरेने ते ठरत नाही, आरटी-पीसीआर लागते.

आणि घोडं तिथेच अडतं. मेलेलं पिल्लू दवाखान्यात नेलं की उत्तर मिळतं, "पुण्याला पाठवावं लागेल." पाठवायचं कुणी, कशात? चाळीस अंशांच्या उन्हात पुण्यातल्या औंधची प्रयोगशाळा येईपर्यंत लिव्हरचा चिखल होतो.

२०२२ साली लंपी आली तेव्हा आपल्याच खात्याने गोठ्यागोठ्यात फुकट लस पोचवली. आमचं मागणं त्यामानाने किरकोळ आहे. तालुक्याच्या दवाखान्यात बर्फाची पेटी ठेवा, आठवड्यातून दोनदा नमुने औंधला नेणारी गाडी ठरवा, बदकांच्या या विषाणूची तपासणी तिथे होईल असं बघा, आणि अहवाल पुढची पिल्लं आणायच्या आत आमच्या मोबाईलवर येऊ द्या.

आपला,
एक बदकपालक
ता. माढा, जि. सोलापूर