मीठ आणि माती

बडोदा, १२ जून

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आजोबांना मिठात बसवलं होतं ना, मग ते अजून तसेच असतील का?" बाबा शेजारीच होते, म्हणून मी विषय बदलला. तेव्हापासून रुखरुख लागलीये. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आणि पोटच्या पोरीला उत्तर देताना जीभ अडखळते, म्हणजे कमालच!

आपण गोसावी, आपल्यात समाधी देतात. आजोबांना मांडी घालून बसवलं, भोवती मीठ ओतलं, सगळ्यांनी मूठमाती दिली. मीठ पाणी ओढून घेतं, कैरीच्या फोडींना लावलं की सुटतं तसं. कमाटीबागेतल्या म्युझियममधली ममी बघून तू माझ्या पदराआड लपली होतीस, आठवतं? इजिप्तमध्येही क्षारच वापरायचे, नॅट्रॉन नावाचा. पण ते आधी आतडी, फुप्फुसं काढून घेत आणि मग साधारण ४० दिवस देह त्या कोरड्या क्षारात ठेवत. कुजण्याची सुरुवात होते ती मुख्यतः आतड्यांतल्या जिवाणूंपासून. आणि वाळवंटात पाऊस कुठला?

आपली दोन पोती पहिल्याच पावसात विरघळून गेली असणार.

तरी जमिनीत सगळं सावकाश होतं. माशा पोचत नाहीत, हवा कमी, गारवा असतो. डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा आहे: उघड्यावर १ आठवड्यात जे होतं, त्याला पाण्यात २ लागतात आणि जमिनीत ८. ठोकताळाच तो, खड्डा उथळ असला, माती भुसभुशीत असली की हिशेब चुकतो. आम्लधर्मी मातीत तर हाडंसुद्धा झिजतात. उलट चिकण, ओल्या मातीत हवाच शिरत नाही, तेव्हा चरबीचा साबणासारखा मेणचट थर बनतो आणि तो वर्षानुवर्षं शरीराचा आकार धरून ठेवतो. १७८६ च्या सुमारास पॅरिसमधली एक जुनी दफनभूमी हलवताना असे कितीतरी देह निघाले. 'देह जसाच्या तसा सापडला' म्हणतात ना, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आजोबांना जाऊन तीन पावसाळे झाले. आता बहुतेक हाडं आणि दात उरले असतील. लिहिताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही बघ.

समाधीवरची माती मधोमध वीतभर खचली आहे. काका खड्डा बुजवणाऱ्यावर चिडले होते. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आतलं जसं बसत जातं, तशी वरची माती खाली येते. आताच चौथरा बांधला तर त्याला तडा जाईल, म्हणून हाही पावसाळा जाऊ देणार आहोत. दिवाळीच्या सुट्टीत ये. पहिली वीट तुझ्या हातून ठेवायची, असं बाबांच्या मनात आहे.

तुझी,
आई