दादा, ओटी पाडण्याआधी हे वाच

म्युरेन, स्वित्झर्लंड
फेब्रुवारी, संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. आईला साष्टांग नमस्कार सांगा आणि हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा. यातलं निम्मं तिच्यासाठीच आहे.

सासूबाई पुण्याहून आल्यात हे तुम्हाला ठाऊक आहेच. यांना ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून आम्ही दोघीच झुरिकहून निघालो. आधी इंटरलाकेन, मग डोंगरातल्या गाडीने लाउटरब्रुनेन, तिथून रोपवे आणि शेवटी कड्याच्या काठाकाठाने जाणारी छोटीशी रेल्वे. म्युरेन गावात मोटारीचा रस्ताच नाही. गावाला लागणारा मालसुद्धा रोपवेच्या पाळण्याखाली टांगून वर येतो. लाउटरब्रुनेन खाली दरीत आठशे मीटरवर, आणि म्युरेन साधारण १६४० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतकं! त्या उंचीवर इथे दुकान आहे, वर्षभर राहणारी चारशेच्या वर माणसं आहेत. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ अशी तीन शिखरं रांगेत उभी. युंगफ्राउ ४१५८ मीटर. सूर्य त्यांच्या पाठीमागून वर येतो, त्यामुळे सकाळी गावात ऊन उशिरा पोचतं, पण संध्याकाळी तीच शिखरं गुलाबी होतात आणि रस्त्यावरची माणसं हातातली कामं सोडून बघत उभी राहतात. रोज बघणारी गावातली माणसंसुद्धा.

पण मला लिहायचंय ते आमच्या हॉटेलबद्दल. गेल्या फोनवर तू आपल्या घराची ओटी आणि माजघर पाडून मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्लॅबच्या बारा खोल्या काढायचं म्हणालास, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. आणि इथे आल्यापासून मी दर कोपऱ्यात आपलं गुहागरचं घर बघतेय.

हॉटेल म्हणजे लाकडी तीन मजली घर. लिफ्ट नाही. जिना अरुंद, पायरीपायरीला करकरतो. मालकीणबाई साठीच्या असतील. त्यांच्या सासऱ्यांनी हे चालवलं, आता त्या आणि त्यांचा मुलगा चालवतात. सासूबाईंच्या गुडघ्यांचं मी आधी कळवलं होतं, तर त्यांनी आम्हाला मुद्दाम पहिल्या मजल्यावरची, जिन्याला लागून असलेली खोली दिली. पोचलो त्या दिवशी खाली येऊन स्वतः सासूबाईंचा हात धरून वर नेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण अर्ध्या तासात सासूबाईंनी त्यांना नातवंडांचे फोटो दाखवूनही झाले होते.

जेवणघराला लागून एक छोटी बैठकीची खोली आहे. भिंती, छत, बाकं, सगळं पाइनच्या लाकडाचं, वर्षानुवर्षं धुरकटून मधासारख्या रंगाचं झालेलं. कोपऱ्यात हिरव्या फरशांनी मढवलेली मोठी शेगडी. सकाळी एकदा लाकडं घातली की फरशा दिवसभर ऊब धरून ठेवतात. शेगडीला लागून बाक आहे, त्यावर पाठ टेकून बसायचं. सासूबाईंची जागा ठरून गेली. मी स्की शिकायला वर जाते आणि त्या तिथे विणकाम घेऊन बसतात. परवा परत आले तर शेजारी एक फ्रेंच आजी बसली होती आणि दोघी एकाच टाक्यावर वाद घालत होत्या.

वहिनी, तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. इथे मुक्कामभर जेवायला तुमचं टेबल एकच असतं. आणि प्रत्येकाच्या जागेवर कापडी नॅपकिन, तो ठेवायला खोलीचा नंबर भरतकामात काढलेली कापडी पिशवी. जेवण झालं की नॅपकिन घडी घालून आपापल्या पिशवीत. दुसऱ्या दिवशी आलं की पिशवी आपली वाट बघत असते. सगळं मिळून काही पैशांचा मामला, पण त्या पिशवीमुळे मला पहिल्याच रात्री वाटलं की माझी इथे जागा आहे. आईने आपल्याकडे येणाऱ्या जोशीकाकांसाठी जसा पाट ठरवून ठेवला होता ना, तेच हे.

रात्रीचं जेवण सातला म्हणजे सातला. साडेआठला स्वयंपाकघर बंद, दहानंतर शांतता. हे नियम दारामागे छापून लावलेत आणि ते पाळले जातात. तू म्हणतोस की पाहुण्यांना हवं तेव्हा हवं ते द्यावं लागतं, नाहीतर ते दुसरीकडे जातात. मला ते पटत नाही. नियम पाळणाऱ्या घरातच माणूस निवांत होतो. आणि गरज खरी असेल तर याच बाई काय करतात ते काल पाहिलं.

काल संकष्टी. सासूबाईंचा उपवास. दुपारी त्यांना रोश्ती मिळाली. उकडलेला बटाटा किसून लोण्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचा, मीठ घालायचं, बस. उपासाला अगदी चालणारी. पण चंद्रोदय इथल्या वेळेप्रमाणे रात्री दहाच्या पुढे होता. मी मालकीणबाईंना विचारायला गेले ते जरा संकोचतच. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. केव्हा खायचं, काय चालतं, काय नाही. कांदा नको म्हटल्यावर मान डोलावली. रात्री दहानंतर सगळं हॉटेल निजलं होतं. बैठकीच्या खोलीत एकच दिवा. त्या शेगडीला मध्यावर एक कोनाडा आहे, लहान लोखंडी दाराचा, अन्न गरम ठेवायला. त्यात झाकलेली ताटली. झाकण काढलं तर मॅकरोनी, बटाटा, साय आणि डोंगरातलं चीज असं इथल्या गुराख्यांचं एकत्र शिजवलेलं जेवण, एरवी वर असणारा तळलेला कांदा वगळून. शेजारी वाटीत सफरचंदाची शिजवलेली गोड चटणी, ती याच्याबरोबर खातातच. आणि चिठ्ठी: ताटली गरम आहे, फडक्याने धरा. चंद्र अजून डोंगराआडच होता. सासूबाईंनी पंचांगातली वेळ प्रमाण मानली, खिडकीशी उभं राहून तिकडे हात जोडले आणि जेवल्या. मला म्हणाल्या, "अगं, ही बाई आपल्यातलीच आहे."

आता धंद्याचं बोलते, कारण तू म्हणशील की हिला फक्त भावना कळतात.

मी मालकीणबाईंना सरळ विचारलं, खोल्या का वाढवत नाही? त्या म्हणाल्या, जेवणघरात एका वेळी जेवढी माणसं बसतात तेवढ्याच खोल्या. त्याहून जास्त झाली तर दोन पंगती कराव्या लागतील, वाढायला नोकर ठेवावे लागतील आणि मग कोण कुठल्या खोलीतलं हे मला आठवणार नाही. दादा, हे गणित मला फार नेमकं वाटलं. आपल्या पडवीत एका पंगतीला किती माणसं नीट बसतात ते मोज. वहिनी आणि आई मिळून तेवढ्यांनाच सुखाने वाढू शकतात. बारा खोल्या भरल्या तर स्वयंपाकाला आचारी लागेल, आणि मग आपल्याकडे यायचं कारणच काय राहिलं? जे येतात ते वहिनीच्या हातच्या मोदकांसाठी येतात. इथेही बरेच पाहुणे दर वर्षी त्याच आठवड्यात, त्याच खोलीत येतात आणि निघताना पुढच्या वर्षीचं ठरवूनच जातात. जाहिरातीवर खर्च जवळपास नाही.

दुसरं असं, की जुनं ठेवायचं म्हणजे काहीच करायचं नाही असं नाही. मी बारकाईने बघितलंय. लाकूड जुनं, पण खिडक्यांना दुहेरी काच. पलंगाची चौकट जुनी, गादी नवी कोरी. न्हाणीघर पूर्ण नव्याने बांधलेलं, नळ उघडताच कढत पाणी. तळघरात स्की ठेवायची खोली, तिथे तर सगळ्यात जास्त डोकं लावलंय. स्कीचे बूट आतून ओले होतात, आणि सकाळी गार ओल्या बुटात पाय घालण्यासारखी शिक्षा नाही. म्हणून भिंतीत गरम हवेच्या नळ्या बसवल्यात, त्यावर बूट उलटे खोचायचे. सकाळी कोरडे आणि कोमट. मालकीणबाईंचा मुलगा संध्याकाळी तिथे उभा राहून इस्त्रीने पाहुण्यांच्या स्कींना मेण लावतो आणि कडांना कानस मारतो. मेणाचा वास जिन्यापर्यंत येतो. म्हणजे अंगाला जे लागतं ते नवं आणि उत्तम, डोळ्यांना जे दिसतं ते जुनं आणि राखलेलं. आपल्याकडे याच हिशेबाने कर ना! गाद्या बदल, संडास-बाथरूम चांगली कर, पावसाळ्यात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर बसव. पण ओटी, झोपाळा, माजघर, चिरे, कौलं यांना हात लावू नकोस. वाळवीचा आणि दर वर्षीच्या शाकारणीचा खर्च असतो हे मला कळतं. समुद्राची खारी हवा लोखंड खाते हेही. पण स्लॅबही त्या हवेत गळतोच.

आणि आता खरं सांगायचं ते. जिन्यात जुने फोटो लावलेत. लाकडी स्की, लांब घागऱ्यातल्या बायका, हातात एकच लांब काठी. मालकीणबाईंनी मला ते एकेक करून समजावले. म्युरेनला रेल्वे आली १८९१ साली, पण ती फक्त उन्हाळ्यात चालायची. हिवाळा म्हणजे हॉटेलांना कुलूप. कोण येणार बर्फात? मग हेन्री लन नावाच्या इंग्रजाने रेल्वेवाल्यांचं मन वळवलं आणि १९१० च्या हिवाळ्यात गाडी चालू ठेवायला लावली. त्यांचा मुलगा अर्नोल्ड लन, जन्म मद्रासचा, वडील तिथे मिशनरी होते! त्याने १९२२ मध्ये इथल्याच उतारावर निशाणं रोवून वळणावळणाची पहिली आधुनिक स्लालम शर्यत घेतली. १९२८ मध्ये वरच्या शिल्टहॉर्न शिखरावरून थेट दरीत उतरणारी इन्फर्नो नावाची शर्यत सुरू झाली, ती अजून दर जानेवारीत होते. १९३१ मध्ये आल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरच्या स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा याच गावात झाली, आणि त्या पहिल्याच वेळी बायकांच्याही शर्यती होत्या. एस्मे मॅकिननने उतरणीची शर्यत आणि स्लालम, दोन्ही जिंकल्या. हे ऐकताना मला फार आनंद झाला.

म्हणजे बघ, जो काळ गावाला मेलेला वाटत होता त्यावरच आज गाव जगतंय. आता आपला मेलेला काळ कुठला? पाऊस. जूनला आपण खोल्या झाकून ठेवतो. पण पुण्या-मुंबईत असे किती लोक आहेत ज्यांना समुद्रात जायचंच नाही, नुसतं बसून पाऊस बघायचाय! त्यांना काय लागतं? ओटी लागते. पागोळ्या लागतात, झोपाळा लागतो, वाडीत पोफळींवर पडणारा पावसाचा आवाज लागतो. झापांच्या झडी बांधलेली ओटी, सकाळी मऊभात-मेतकूट, दुपारी कुळथाचं पिठलं, भारंगीची भाजी, श्रावणात पातोळ्या, संध्याकाळी भाजलेल्या आठळ्या. घाटातून गाडी चालवायची ज्यांना भीती वाटते त्यांना चिपळूण स्टेशनवरून आणायची सोय कर. आणि ओले कपडे वाळवायला एक गरम खोली कर, बंबाच्या शेजारची. मला ती बुटांची खोली बघूनच सुचलं. पावसात माणसाला सगळ्यात नकोसं काय होतं तर दमट कपडे, आणि एकही लॉज त्याचा विचार करत नाही.

स्लॅबच्या बंद खोलीत बसून पाऊस बघता येत नाही, दादा. ओटी पाडलीस तर हा हंगाम कधीच मिळणार नाही.

कर्जाचं दडपण तुझ्यावर आहे, माझ्यावर नाही, हे मी विसरत नाही. म्हणून नुसता सल्ला देऊन थांबत नाही. गाद्या आणि न्हाणीघरांचा खर्च मी उचलते. यांच्याशी बोलणं झालंय. तो उसना समजू नकोस, ते माझंही माहेर आहे.

सासूबाई मजेत आहेत, गुडघा बरा आहे. उद्या छोट्या रेल्वेने गावावरच्या आल्मेंडहुबेल टेकडीवर जाणार आहोत. तिथपर्यंत चालावं लागत नाही, गाडीच वर नेते. स्कीच्या वर्गात मी आता न पडता वळते. आईला सांगा, थंडी आहे पण कोरडी, मला खोकला वगैरे काही नाही. इथलं एक चीज आहे, काचेसारखं पातळ तासून खातात, ते सासूबाईंबरोबर पाठवते. गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.

वहिनी, त्या नॅपकिनच्या पिशवीचं माप घेऊन ठेवलंय, फोटोही पाठवते. आपल्या खणाच्या कापडाची छान होईल.

दादा, रविवारी फोन करते. कंत्राटदाराला विसार त्याआधी देऊ नकोस. आणि त्याने काढलेल्या नकाशाचा फोटो आजच पाठव.

तुझी,
धाकटी