हा गुलाब आपलाच

महोदय,

पुण्यातल्या गुलाब प्रदर्शनात यंदा मी गच्चीवरचा पांढरा 'डॉ. होमी भाभा' ठेवला होता. तिघींनी विचारलं, "हा परदेशी ना?" जीव कळवळला. हा वाण डॉ. बी. पी. पाल यांचा. गव्हावरच्या तांबेरा रोगाशी झुंजलेले हे शास्त्रज्ञ १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. देशातल्या रोझ सोसायटीचे संस्थापक अध्यक्षही तेच. आणि रोपवाटिकेत मला याच गुलाबाच्या कुंडीवर चिठ्ठी मिळाली होती, नुसती 'पांढरा'!

गुलाब संघटनांना विनंती, प्रदर्शनातल्या प्रत्येक फुलाच्या कार्डावर वाण तयार करणाऱ्याचं नाव लिहा. दसऱ्यानंतर छाटणी करीन तेव्हा डोळा भरायला, म्हणजे कलम करायला, हव्या त्यांना माझ्याकडच्या काड्या देईन, नावासकट.

— एक वाचक, कोथरूड, पुणे