अँटोनियो कोस्टा यांना खुलं पत्र: त्या २८ जागांचं काय झालं?

मा. अँटोनियो कोस्टा साहेब,
अध्यक्ष, युरोपियन कौन्सिल, ब्रुसेल्स

स.न.वि.वि. पत्र मराठीत लिहितेय, कारण मडगावात तुमच्या घराण्याचं घर आहे आणि त्या गावात मराठी वाचणाऱ्यांची काही कमी नाही, कुणीतरी वाचून सांगेलच तुम्हाला. २०१७ ला तुम्ही पोर्तुगालचे पंतप्रधान म्हणून भारतात आलात, मोदींनी तुम्हाला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) दिलं, मग तुम्ही मडगावला आबाद फारिया रोडवरच्या वडिलोपार्जित घरी गेलात, तेव्हा आम्हालाही उगाचच भारी वाटलं होतं. ते कार्ड आता माझ्याकडेही आहे, फरक एवढाच की मला ते कुणी हातात आणून दिलं नाही, जर्मन पासपोर्ट घेतल्यावर फॉर्म भरून रीतसर मिळवावं लागलं. पण ओळख काढायला लिहीत नाहीये. काम आहे.

काम असं की ३ मे २०२२ ला युरोपियन पार्लमेंटने एक प्रस्ताव पास केला, ३२३ विरुद्ध २६२, की युरोपियन निवडणुकीत प्रत्येक मतदाराला दोन मतं द्यायची. एक आत्तासारखंच आपापल्या देशातल्या यादीला, आणि दुसरं अख्ख्या युरोपसाठी असलेल्या यादीला, त्यातून २८ खासदार निवडायचे. तेव्हापासून ते प्रकरण मंत्र्यांच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे देशोदेशीचे मंत्री बसतात तिथे, भिजत घोंगडं होऊन पडलंय. एरवी युरोपियन पार्लमेंटला स्वतःहून कायदा मांडायचा हक्क जवळजवळ नाहीच, तो मान कमिशनचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या कार्यकारी मंडळाचा, निवडणुकीचा कायदा हा मोजक्या अपवादांपैकी एक, आणि नेमकं तिथेच सत्तावीसच्या सत्तावीस देशांचा होकार लागतो आणि वर प्रत्येक देशाची आपापली मंजुरी, म्हणजे एकाने जरी मान हलवली नाही तरी घोडं अडलंच.

मला ह्यात एवढा रस का, तर मी २०२४ च्या युरोपियन निवडणुकीत व्होल्ट नावाच्या पक्षाला मत दिलं. मेंबर नाहीये, त्यांचं सगळंच पटतं असंही नाही, पण मत दिलं. आमच्या मराठी मंडळात हा पक्ष अजून कुणाला धड माहीत नाही म्हणून थोडक्यात सांगते: २९ मार्च २०१७ ला, म्हणजे ब्रिटनने युनियनमधून बाहेर पडायची नोटीस दिली त्याच दिवशी, एक इटालियन, एक फ्रेंच आणि एक जर्मन अशा तिघा तरुणांनी हा पक्ष काढला. डावं नाही उजवं नाही म्हणतात, आणि युरोप अजून जवळ आला पाहिजे, एका देशाच्या नकारावर सगळं अडता कामा नये, पार्लमेंटला खरे अधिकार पाहिजेत असं सरळ सांगतात. युरोपात 'युरोपियन पक्ष' म्हणवणारे आधीपासून आहेत हो, उजवीकडे झुकणाऱ्यांची ईपीपी आहे, तुमचे सोशलिस्ट आहेत, उदारमतवाद्यांची एएलडीई आहे, फ्रान्सच्या बायरू आणि इटलीच्या रुतेल्लींनी २००४ ला काढलेली युरोपियन डेमोक्रॅटिक पार्टी आहे, पण ते सगळे मुळात वेगवेगळ्या देशांतल्या पक्षांची मोट आहेत. व्होल्टवाल्यांनी उलटं केलं, आधी एक पक्ष, एक नाव, एक जांभळा रंग, एक जाहीरनामा आणि मग देशोदेशी शाखा.

आता ह्याचं प्रत्यक्षात काय होतं ते माझ्या दारातून दाखवते. मी जर्मनीत अगदी बॉर्डरवरच्या आखेनला राहते. इथून सिटी बसने निघालं की थोड्याच वेळात नेदरलँड्समधलं वाल्स येतं, बॉर्डर कुठे लागली ते कळतसुद्धा नाही, आणि दुसऱ्या बाजूला बेल्जियममधलं केल्मिस. आमच्या ऑफिसात तिन्हीकडची माणसं आहेत, जेवायला एका टेबलावर बसतो. २०२४ च्या जूनमध्ये वाल्सच्या मैत्रिणीने गुरुवारी ६ तारखेला मत दिलं, मी रविवारी ९ तारखेला. माझ्या शेजारणीच्या सोळा वर्षांच्या मुलाला मत होतं कारण जर्मनीने वय सोळा केलंय, मैत्रिणीच्या सतरा वर्षांच्या मुलीला नव्हतं कारण नेदरलँड्समध्ये अठरा लागतात, आणि केल्मिसच्या पोरांना तर सोळाव्या वर्षीच मत देणं सक्तीचं! वर केल्मिस ज्या जर्मन भाषिक भागात आहे त्या अख्ख्या भागाला मिळून खासदार एकच. ह्या तिघांची पार्लमेंट मात्र तीच, कायदे तेच, चलन तेच.

जांभळी पोस्टरं आखेनलाही लागली होती आणि वाल्सलाही. पण मी आणि मैत्रीण जेवताना बोलत होतो तेव्हा तिला व्होल्टच्या डच यादीतली एक बाई फार आवडली होती, रेल्वेबद्दल काहीतरी मुद्द्याचं बोलली होती म्हणे, आणि मला तिला मत देताच येणार नव्हतं. माझ्या हातभर लांब मतपत्रिकेवर फक्त जर्मन यादी, तिच्या कागदावर फक्त डच. पक्ष एक, कार्यक्रम एक, आणि मधे ती बॉर्डर जी एरवी बसमधून दिसतही नाही. आमच्याकडे भारतात राज्यागणिक शंभर भानगडी असतात पण राष्ट्रीय पक्षाला निदान काश्मीर ते कन्याकुमारी चिन्ह एकच मिळतं!

आणि यादी लावणं हेच मुळात प्रत्येक देशात वेगळं दिव्य आहे. २०१९ ला व्होल्टला इटलीत उभं राहता आलं नाही, तिथे नव्या पक्षाला दीड लाख सह्या लागत होत्या. जर्मनीत चार हजार सह्यांवर काम झालं. फ्रान्समध्ये पक्षाने आपल्या मतपत्रिका आपल्या खर्चाने छापायच्या, अख्ख्या देशाला पुरतील इतक्या, खिशात पैसा नसेल तर बसा घरी. तुमच्या पोर्तुगालमध्ये पक्ष नोंदवायलाच साडेसात हजार सह्या, त्या त्यांनी जमवल्या, २०२० ला तुम्हीच पंतप्रधान असताना नोंदणी झाली, पुढे मतं किरकोळ पडली ते सोडा. म्हणजे एकाच पार्लमेंटच्या निवडणुकीला सत्तावीस वेगवेगळ्या परीक्षा द्यायच्या आणि त्यातल्या एकीत पास झाल्याचा दुसरीला काडीचा उपयोग नाही.

तरी २०१९ ला त्यांना जर्मनीत ०.७ टक्के मतांवर एक खासदार मिळाला, कारण तिथे तेव्हा किमान मतांची अट नव्हती. २०२४ ला जर्मनीत २.६ टक्के आणि तीन खासदार, नेदरलँड्समध्ये ५.१ टक्के आणि दोन. एकूण पाच, ७२० च्या पार्लमेंटमध्ये. स्वतःचा गट करायचा तर सात देशांतले मिळून २३ लागतात, म्हणून बसतात ग्रीन्सच्या, म्हणजे पर्यावरणवाद्यांच्या गटात, मध्यममार्गी म्हणवून घ्यायचं आणि बाक ग्रीन्सचं, ह्यावर त्यांचेच लोक हसतात. युरोपियन पक्ष म्हणून अधिकृत नोंदणी हवी तर एक चतुर्थांश देशांत कुठल्या ना कुठल्या सभागृहात माणसं पाहिजेत किंवा तितक्याच देशांत युरोपियन निवडणुकीत तीन टक्के मतं पाहिजेत. मोट बांधलेल्यांना हे सोपं जातं, तयार पक्ष गोळा करायचे फक्त. एकसंध पक्ष म्हणून सुरुवात करणाऱ्याला तेच सगळ्यात अवघड, हा कुठला न्याय ते तुम्हीच सांगा.

आता तुम्ही म्हणाल की बाई, निवडणूक कायदा माझ्याकडे नाही, तो मंत्र्यांच्या कौन्सिलकडे, मी राष्ट्रप्रमुख-पंतप्रधानांच्या युरोपियन कौन्सिलचा अध्यक्ष. हा फरक मला कळतो. पण जागावाटप तुमच्याकडे आहे ना? कुठल्या देशाला किती जागा ते युरोपियन कौन्सिलच ठरवतं. २०२३ ला पार्लमेंटने सुचवलं होतं की ह्या २८ जागा बाजूला राखून ठेवा. सप्टेंबरात निर्णय आला तेव्हा ७०५ च्या ७२० जागा झाल्या, फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्सला दोन-दोन वाढल्या, आणखी नऊ देशांना एकेक, आणि त्या २८ गायब. तेव्हा तुम्ही पोर्तुगालच्या खुर्चीवर त्याच टेबलाशी होतात. स्वतःच्या देशाला एखादी जागा वाढली की घरी जाऊन सांगता येतं, युरोपच्या सामायिक २८ जागांसाठी भांडलो म्हणून कुणाला काय सांगणार, हे मी समजू शकते, पण मग दरवर्षी आमच्या आखेनच्या टाऊन हॉलमध्ये कार्ल्सप्राइसच्या, म्हणजे युरोपच्या एकीसाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराच्या समारंभाला येऊन 'युरोपियन नागरिक' 'युरोपियन नागरिक' करणारी भाषणं तरी आवरती घ्या. २०२५ ला कमिशनच्या अध्यक्ष फॉन देअर लायेन बाईंना ते मिळालं तेव्हाही टाऊन हॉल तोच आणि नागरिकही तेच.

छोट्या देशांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. माल्टाला सहा जागा, जर्मनीला ९६, उद्या युरोपभरची यादी केली तर वरची नावं जर्मन-फ्रेंचच असणार असं माल्टाच्या माणसाला वाटणारच. पण पार्लमेंटच्या प्रस्तावातच त्याचा इलाज आहे, लोकसंख्येप्रमाणे देशांचे तीन गट करायचे आणि यादीत तिन्ही गटांतली नावं आलटून पालटून घालायची. तो इलाज कमी वाटत असेल तर बदला, घासाघीस करा, २८ च्या चौदा करा. वर्षानुवर्षं 'चर्चा चालू आहे' हे उत्तर नव्हे.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. ह्या यादीतून कोण निवडून येणार, तर व्होल्टसारखेच, चार भाषा बोलणारे, शहरातले, विमानाने फिरणारे. अगदी बरोबर. मी त्यांच्या एका मीटिंगला गेले होते, सगळं इंग्लिशमध्ये, सगळे पदवीधर, सगळ्यांचे लॅपटॉप उघडे. तिथे आमच्या गल्लीतला तुर्की बेकरीवाला दोन मिनिटं टिकला नसता. पण मग युरोपभरच्या लोकांकडे मतं मागायची वेळ आल्याशिवाय ते सुधारणार कसे? लोकांसमोर उभं करा की त्यांना. त्या २८ मध्ये मला अजिबात न आवडणारे, युरोप मोडायला निघालेलेही येतील, ते तर देशोदेशीचे हात मिळवून आधीच बसलेत पार्लमेंटमध्ये. येऊ देत. निदान युरोपभर काय बोलतात ते एका जागी सापडेल, एका देशात एक आणि दुसऱ्या देशात दुसरं असं चालणार नाही.

तर माझं मागणं फार मोठं नाही. २०२९ च्या निवडणुकीआधी जागावाटप परत तुमच्या टेबलावर येईल. तुमची अडीच वर्षांची पहिली टर्म मे २०२७ अखेर संपते, एकदा वाढवून मिळू शकते, मिळो, पण वाढायची वाट न बघता हा विषय अजेंड्यावर घ्या. २८ नाही तर जितक्या जमतील तितक्या जागा राखून ठेवायचा मजकूर मसुद्यात परत घाला. आणि ते नाहीच जमलं तर निदान कुठले देश नको म्हणताहेत आणि का, ते नावानिशी जाहीर करा. जर्मनी त्यात असेल तर मला माझ्या खासदाराला धरता येईल, नेदरलँड्स असेल तर वाल्सवाली बघून घेईल. ती माझ्यापेक्षा तिखट आहे.

उत्तर पोर्तुगीजमध्ये पाठवलंत तरी चालेल, आमच्या ऑफिसात पोर्तुगालमधल्या ब्रागाचा एक जण आहे.

आपली,
आखेनची एक मतदार (मूळ गाव सांगली)