मेणवलीच्या घाटावरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव ठाऊक नाही, म्हणून हे असं उघड पत्र. वाईकडे रविवारी स्केचिंगला जाणारी मंडळी ओळखतील: खाकी हॅट, मांडीवर बोर्ड, खिशात 6बी पेन्सिलीचं थोटूक.

नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर मी रडकुंडीला आले होते. देऊळ, पायऱ्या, झाडं, वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती घंटा, सगळं जागच्या जागी होतं आणि चित्र मात्र होत नव्हतं. तुम्ही शेजारी आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकत होतात. ओला वॉश अर्ध्यात सोडला की कडा पडतात, कागद फुकट जातो. जलरंगवाला त्या वेळी सख्ख्या भावाचा फोनसुद्धा घेत नाही. तुम्ही ब्रश पाण्यात सोडलात आणि माझ्याजवळ येऊन बसलात. शिकवलंत ते शिकवलंतच, पण मला आधी याचेच आभार मानायचेत. वळून एकदाही त्या कागदाकडे बघितलं नाहीत हो!

माझ्या चित्राला हातही न लावता स्वतःच्या वहीत काडेपेटीएवढा चौकोन आखलात. "डोळे किलकिले करा. काय काय एक होतंय?" झाडं, देवळाची सावलीतली भिंत आणि पाण्यातलं त्यांचं प्रतिबिंब मिळून एकच काळा आकार झाला. पायऱ्यांचे माथे कोरे, उभे दगड राखाडी. तीन टोन, बस्स. खाली दुसरा चौकोन काढलात, त्यात काळं तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. तोच घाट, पण नजर कुठे ठरेना. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, तो कुठे राखायचा हे रंग कालवण्याआधीच ठरवायचं असतं, हे त्या दोन चौकोनांत समजलं.

इतकी वर्षं ज्या क्लासला फी भरली, तिथे "दम नाही", "रंग मळलेत" एवढंच ऐकलं. फारच मेहेरबानी झाली तर सर माझा ब्रश घेऊन माझ्याच कागदावर स्वतःचं चित्र उरकायचे. महागडे कागद आणायला लावले ते वेगळंच.

चित्रकार हळदणकरांच्या 1945-46च्या सुमाराच्या जलरंगातली ती दिवा घेतलेली मुलगी म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये बघून मी पूर्वी नुसती थक्क झाले होते. परवा छापील प्रत समोर ठेवून तिचा चौकोन केला. बाकीचं किती दाबून ठेवलंय, तेव्हा कुठे ज्योतीपुढची बोटं आणि चेहरा उजळतो!

अनोळखी माणसासाठी स्वतःचं काम बिघडू देणारे लोक अजून आहेत, आणि ते फी घेत नाहीत. क्लासच्या नव्या मुलांना मी हल्ली सरांची पाठ वळली की चौकोन काढायला शिकवते. तुमची परवानगी गृहीत धरलीय.

तुमची,
घाटावरची रडवेली विद्यार्थिनी