प्रिय सुहास, ओव्हन उघडू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ओव्हन सुरू होतो, दिवा लागतो, ताट फिरतं, पंखा घरघरतो आणि आतलं दूध मात्र ठेवलं तसं थंडगार. आणि आता येत्या रविवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचा तुझा बेत आहे. तुझा हात सफाईदार आहे, प्रश्न त्याचा नाही. मिक्सर, पंखा, इस्त्री, काय वाट्टेल ते उघड. मायक्रोवेव्हला मात्र हात लावू नकोस. नुसतं ‘धोका आहे’ म्हटलं तर तू ऐकणाऱ्यातला नाहीस, म्हणून त्या पत्र्याआड काय आहे तेच लिहून पाठवतो. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

बटणांच्या पट्टीमागे जी अरुंद जागा असते, तिथं सगळा मामला. सर्वांत जड वस्तू ट्रान्सफॉर्मर. ओव्हन उचलताना तो एका अंगाला ओढतो, तो ह्याच्यामुळे. घरातल्या विजेचे हा दोन हजार व्होल्टच्या आसपास करतो. त्याला जोडून एक कपॅसिटर (वीज साठवणारा) आणि एक डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा). घरातली वीज सतत उलटसुलट दिशेनं वाहते, सेकंदाला अशा ५० फेऱ्या. एका अर्ध्या फेरीत डायोडमधून कपॅसिटर भरतो. पुढच्या अर्ध्या फेरीत तो साठा ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजमध्ये मिळवला जातो आणि मॅग्नेट्रॉनला, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या नळीला, चार हजार व्होल्टच्या जवळपास मिळतात. म्हणजे आपल्याला सलग चालल्यासारखा वाटणारा हा ओव्हन खरं तर सेकंदाला ५० वेळा चालू-बंद होत असतो. (वीज ६० हर्ट्झची असेल तिथं ६० वेळा.) स्वस्त आणि दणकट जुळणी आहे. हलणारा भाग एकही नाही.

तुझा घात करील तो हा कपॅसिटर. प्लग काढून ठेवलास तरी तो भरलेला राहू शकतो. चार्ज उतरवण्यासाठी त्याच्या पोटात एक रेझिस्टर बसवलेला असतो खरा, पण तो शाबूत आहे की तुटलाय हे बाहेरून कळायला मार्ग नाही. जुन्या टीव्हीच्या हाय व्होल्टेजचा झटका खाऊन ‘काही होत नाही रे’ म्हणणारे बरेच भेटतात. तिथं व्होल्टेज मोठं आणि करंट चिमूटभर. इथं व्होल्टेजच्या पाठीमागे तीनशे मिलिॲम्पिअर सहज उभे असतात, आणि माणूस मरायला त्याच्या निम्म्याचीही गरज नाही. घरात वापरायच्या वस्तूंमध्ये उघडायला ह्याच्याइतकी घातक दुसरी मला माहीत नाही.

त्या ट्रान्सफॉर्मरची एक खुबी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅग्नेट्रॉन हा विचित्र गिऱ्हाईक आहे. ठरावीक व्होल्टेज येईपर्यंत तो करंट जवळपास घेतच नाही, आणि ती पायरी ओलांडली की भसाभसा घ्यायला लागतो. साधा ट्रान्सफॉर्मर जोडला तर लगेच काहीतरी जळेल. म्हणून ह्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये लोखंडी पट्ट्यांचे गठ्ठे मुद्दाम खोचलेले असतात. त्यांच्यातून चुंबकीय प्रवाहाचा काही भाग आडवाटेनं वळतो आणि करंटला आपोआप लगाम बसतो. एरवी ज्याला ट्रान्सफॉर्मरचा दोष म्हणतात तो इथं मोजून-मापून घातलेला आहे.

आता मॅग्नेट्रॉन. भंगारातल्या एका ओव्हनचा मधोमध कापलेला मॅग्नेट्रॉन माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडलेला असतो, त्याच्याकडे बघूनच लिहितो. बाहेरून ॲल्युमिनियमच्या पातळ पंखांची चळत, उष्णता घालवायला. वर-खाली एकेक चुंबकाची काळी चकती. स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेला की हिसकावून घेते. मधे तांब्याचा नळकांडा. त्याच्या आतल्या भिंतीपासून केंद्राकडे आलेली दहा पाती, आणि दोन-दोन पात्यांमधली मोकळी जागा म्हणजे एकेक पोकळी. केंद्रात टंगस्टनच्या तारेची बारीकशी गुंडाळी. तार तापली की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पात्यांकडे धावतात. पण चुंबक त्यांना सरळ जाऊ देत नाही, वाकडं वळवून केंद्राभोवती फिरवतो. बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली की बाटली घुमते ना, तसे हे इलेक्ट्रॉन पात्यांच्या टोकांवरून घसटत जाताना पोकळ्या घुमवतात. बाटलीचा सूर तिच्या आकारावर ठरतो आणि इथला सूर तांब्याच्या मापावर: सेकंदाला सुमारे २४५ कोटी कंपनं, म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झ. एका पात्याला चिकटवलेली तार ही शक्ती बाहेर टोपीपर्यंत नेते. आत पूर्ण निर्वात. मिळालेल्या विजेपैकी साठ-सत्तर टक्के लहरी होतात आणि उरलेल्याची उष्णता, म्हणून तर पंखा. (पांढरा किंवा गुलाबीसर चिनीमातीचा भाग मात्र कधी फोडू नये. काही नळ्यांत तो बेरिलियम ऑक्साइडचा असू शकतो आणि त्याची पूड फुप्फुसाला विष आहे.)

हे प्रकरण स्वयंपाकासाठी जन्मलेलंच नाही. पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन रँडल आणि बूट ह्या दोघांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात १९४० च्या फेब्रुवारीत चालवून दाखवला, रडारसाठी. त्याच वर्षी तो ब्रिटनमधून अमेरिकेला पोचला आणि रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर ह्या इंजिनिअरच्या हाती लागला. धड शाळाही पुरी न केलेला माणूस. मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना त्याच्या खिशात विरघळलेल्या चॉकलेटची गोष्ट तुला ठाऊक असेलच, सगळे तीच सांगतात. मला त्यापेक्षा पुढचं नवल वाटतं. १९४५ च्या ऑक्टोबरात त्यानं पेटंटचा अर्ज केला आणि १९४७ साली जो पहिला ओव्हन विक्रीला आला तो माणसाएवढा उंच, ३४० किलोच्या आसपास वजनाचा आणि गार ठेवायला नळाचं पाणी लागणारा होता. ओट्यावर मावेल असा, खपेल असा ओव्हन यायला १९६७ उजाडलं. म्हणजे अन्न तापवता येतं हे कळायला एक क्षण लागला, आणि ते घरात नेण्याजोगं करायला वीसेक वर्षं.

लहरी तयार झाल्या की एका चौकोनी पत्र्याच्या बोगद्यातून, वेव्हगाइडमधून, त्या खोक्यात येतात. खोक्याच्या आत भिंतीला जी पातळ राखाडी-तपकिरी पट्टी दिसते, ती मायका, म्हणजे अभ्रक. तिच्यातून लहरी आरपार जातात आणि उडालेलं अन्न बोगद्यात शिरत नाही. ही पट्टी तुला काहीही न उघडता बघता येते. तिच्यावर चिकटलेलं अन्न जळून कोळसा झालं असेल तर तिथंच ठिणग्या उडतात आणि लोक घाबरून नवा ओव्हन घेतात. बऱ्याचदा पट्टी बदलली की काम झालं.

लहरींची लांबी १२ सेंटिमीटरच्या थोडी वर. धातूच्या सहा भिंतींवर आपटून त्या एकमेकींत मिसळतात आणि काही जागी जोर होतो, काही जागी मुळीच नाही. जोराच्या दोन जागांमध्ये साधारण सहा सेंटिमीटर अंतर पडतं. ताट फिरवतात ते ह्याच दुखण्यावरचा इलाज म्हणून, लहरींना हलवायचं नसेल तर अन्नाला हलवा. काही ओव्हनमध्ये ताटाऐवजी छताजवळ किंवा तळाशी धातूची पाती फिरवून लहरींचाच नमुना ढवळतात. दोन्ही उपाय अर्धेच. ताटाच्या बरोबर मध्यावर ठेवलेली वस्तू फिरूनही जागच्या जागीच राहते, म्हणून वाटी कडेला ठेवावी. एवढी साधी गोष्ट माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर का छापत नाहीत, मला कळलेलं नाही.

‘अन्न आतून बाहेर शिजतं’ असं तूही लिहिलंयस, ते सोडून दे. पाण्याचा रेणू एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण असतो. लहरीच्या विद्युत क्षेत्राची दिशा बदलेल तसा तो वळायला बघतो, शेजाऱ्यांमुळे मागे पडतो, आणि त्या ओढाताणीची उष्णता होते. लहरी वरून एक-दोन, फार तर तीन सेंटिमीटर आत जोर दाखवतात, पुढचं काम उष्णता स्वतः झिरपत जाऊन करते. आणि २.४५ हा आकडा पाण्याचा खास सूर वगैरे नाही. साध्या तापमानाचं पाणी सर्वांत जास्त लहरी शोषतं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. तो आकडा निवडला असता तर लहरी वरच्या कातडीतच संपल्या असत्या. २.४५ पत्करला कारण तो पट्टा अशा कामांसाठी राखून दिलेला आहे आणि लहरी बऱ्यापैकी खोल जातात. तुझं वाय-फायही ह्याच पट्ट्यात चालत असणार; ओव्हन चालू असताना ते अडखळतं, ते ह्याच शेजारामुळे.

बर्फाचं तर वेगळंच. त्याचे रेणू जखडलेले, वळायला जागा नाही, म्हणून बर्फ लहरी जेमतेम शोषतो. एका कोपऱ्यात थोडं वितळलं की तेवढंच पाणी अधाशासारखं तापतं: कडा शिजली, मधे दगड. डीफ्रॉस्टवर ओव्हन थांबत-थांबत चालतो, ते मधल्या वेळात उष्णता पसरावी म्हणून. आणि थांबण्याशिवाय त्याला गत्यंतरही नाही. तारेला तापवणारी वीज आणि हाय व्होल्टेज दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरमधून येतात. व्होल्टेज कमी केलं तर तार थंड आणि मॅग्नेट्रॉन गप्प. त्यामुळे ‘पन्नास टक्के’ म्हणजे वीस-तीस सेकंदांच्या फेरीत निम्मा वेळ पूर्ण जोर, निम्मा वेळ नुसता पंखा. कान देऊन ऐक, गुणगुण येते-जाते. इन्व्हर्टरचे ओव्हन हजारो हर्ट्झवर चालतात, त्यांचा ट्रान्सफॉर्मर छोटा, आणि ते खरोखर मंद आचेवर चालू शकतात. नवा घ्यायची वेळ आलीच तर मी तोच घेईन.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, ह्या यंत्रात सगळीकडे ‘चालतंय की’ असाच कारभार आहे. बहुतेक जागी आहेच. लहरी असमान, आच कमी-जास्त होत नाही, तिसरा हिस्सा वीज उष्णतेत वाया. एका जागी मात्र कुणी तडजोड केलेली नाही, ते म्हणजे दार.

काचेमागची जाळी सोपी आहे. भोकं मिलिमीटरभराची, लहर १२ सेंटिमीटरची. उजेड सुटतो, लहर अडते. अवघड आहे ती दाराभोवतीची फट. दार रोज उघडणार, मिटणार, त्यावर तेलकटपणा येणार. धातूला धातू घट्ट टेकेल ह्याचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा टेकवायचंच नाही असं ठरवलं. दाराच्या आतल्या कडेला, प्लॅस्टिकच्या पट्टीखाली, सगळ्या बाजूंनी एक खोबण असते, तिचं माप लहरीच्या पाव लांबीच्या हिशेबानं धरलेलं, तीनेक सेंटिमीटर. खोबणीत शिरून तळावरून परतलेली लहर आणि फटीतून पुढे निसटू पाहणारी लहर एकमेकींना काटतात. फट उघडी आहे आणि लहर बाहेर येत नाही! ह्याला चोक म्हणतात. कागदावर समजावून घेतल्यापासून मी तरी त्या दाराकडे आदरानंच बघतो. मानकाप्रमाणे दारापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटपेक्षा जास्त गळती चालत नाही. पण खोबणीचा हिशेब मापावर चालतो, म्हणून दार वाकलेलं, बिजागरी ढिली झालेली असेल तर ओव्हन वापरू नये. दाराला लोंबकळणारी मुलं घरात असतील तर हे विशेष लक्षात ठेव.

दाराचे स्विच तीन. दोन स्विच दार उघडताच वीज तोडतात. तिसऱ्याचं काम फक्त पहिल्या दोघांवर पहारा ठेवायचं. समज, त्यांचे संपर्क चिकटले आणि दार उघडूनही वीज तुटली नाही. तर तिसरा स्विच मुद्दाम शॉर्ट सर्किट करतो आणि फ्यूज उडवतो. म्हणजे यंत्र स्वतःला मारून घेतं, पण उघड्या दारानं चालत नाही. म्हणूनच फ्यूज उडाला की नवा घालून मोकळा होणारा कारागीर माझ्या मनातून उतरतो. आधी तिन्ही स्विच तपासले पाहिजेत.

एवढा बंदोबस्त असूनही त्या दारानं एकदा शास्त्रज्ञांना चकवलं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून गूढ संकेत सापडत होते. त्यांना ‘पेरिटॉन’ असं नावही देऊन झालं. २०१५ साली चोर सापडला: तिथलाच मायक्रोवेव्ह ओव्हन. वेळ संपायच्या आत कुणी दार ओढलं की मॅग्नेट्रॉन विझता विझता क्षणभर वेडावाकडा सूर काढायचा आणि दुर्बीण नेमकी त्या रोखानं असेल तर तो टिपला जायचा. तुला-मला त्यानं काही होत नाही. आपले कान तेवढे तीक्ष्ण नाहीत.

आता तुझ्या ओव्हनचं. पत्रा न काढता दोन गोष्टी करून बघ. एक लिटर गार पाणी, तापमान मोजून, पूर्ण जोरावर एक मिनिट ठेव. ढवळून पुन्हा मोज. जितके अंश वाढले त्याला ७० नं गुणलंस की साधारण वॉट निघतात. अकरा-साडेअकरा वाढले तर ८०० वॉट, म्हणजे ठणठणीत. शून्य आलं तर दुसरी गोष्ट: सुरुवातीचे दोन-तीन सेकंद आवाज ऐक. चांगल्या ओव्हनमध्ये तार तापली की ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बदलते. बदलतच नसेल, नुसता पंखा ऐकू येत असेल तर हाय व्होल्टेजपर्यंत वीज पोचत नाहीये, बहुधा दाराचा स्विच किंवा एखादा कट-आउट (फार तापलं की वीज तोडणारा). एकसारखा जड, दबका हुंकार असेल तर डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झाल्याचा संशय मला आधी येईल. तसं असलं तर लगेच बंद कर. डायोड किरकोळ वस्तू आहे. मॅग्नेट्रॉनच गेला असेल तर दुरुस्ती परवडते का ते आधी विचारून घे. आणि तोवर ‘बघू तरी’ म्हणून रिकामा चालवू नकोस. शोषायला काही नसलं की लहरी उलट मॅग्नेट्रॉनवर येतात आणि बरा असलेलाही बिघडतो.

कारागीर आला की त्यानं कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय आत हात घातला तर त्याला थांबव, जाता जाता गळती मोजायला सांग, आणि प्लगचं अर्थिंगही बघून घे. हाय व्होल्टेजचं एक टोक थेट ओव्हनच्या पत्र्याला जोडलेलं असतं.

आवाज कसा येतो ते कळव, म्हणजे पुढचं फोनवर बोलू. काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद